साइटवर माणसं येतात, साडी मात्र कुणी घेत नाही

वाचकाचं पत्र :

नमस्कार मॅडम,

मी येवल्याची. विणकर घरात लग्न होऊन आले, त्याला आता १२ वर्षं झाली. घरात ३ हातमाग आहेत. सासरे, दीर आणि एक कारागीर विणतात. हिशेब आणि विक्री मी बघते. आजवर माल पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना जायचा. गेल्या वर्षी ३५,००० रुपये घालून स्वतःची वेबसाइट केली. महिन्याला साधारण १,८०० लोक ती बघतात आणि ऑर्डर येतात ३ किंवा ४. आमच्या पैठण्या १४,००० पासून ६०,००० पर्यंत आहेत. साइटवर भाव लिहिलेला नाही, 'भावासाठी मेसेज करा' असं टाकलंय, कारण भाव दिसला की गल्लीतले बाकीचे पाचशेने उतरतात. पैठणीच्या इतिहासावर एक लेख टाकलाय, तो बरेच जण वाचतात. साइट करून देणारा मुलगा म्हणतो, सवलत संपायला किती वेळ उरला ते दाखवणारं उलटं घड्याळ लावा, 'आत्ता इतके लोक ही साडी बघत आहेत' असं दाखवा, आपोआप उत्तरं देणारा चॅटबॉट बसवा आणि महिन्याला २०,००० ची जाहिरात करा. सासरे म्हणतात, ते सगळं बंद कर, आपला दुकानदारच बरा. मी काय करू?

एक वाचक, येवला

उत्तर :

ताई,

साइट बंद करू नका आणि घड्याळही लावू नका.

पत्रासोबत तुम्ही साइटचा पत्ता दिला होता, म्हणून मी ती फोनवर उघडून शेवटपर्यंत पाहिली. तुमचा माल चांगला आहे. एका साडीच्या पदराचा फोटो तुम्ही अगदी जवळून घेतलाय, त्यावरूनच हाताची सफाई कळते. पण तो फोटो सापडायला मला चार पानं पालटावी लागली. गिऱ्हाईक इतकं थांबत नाही. तिच्या मनात पहिल्या मिनिटाला जी शंका येते तिचं उत्तर समोर दिसलं नाही, की ती निघून जाते.

त्या १,८०० आकड्याचा धसका आधी सोडा. हे १,८०० लोक दुकानाची पायरी चढून आलेले नाहीत. लोक काय शोधत होते आणि तुमच्या कुठल्या पानावर येऊन पोचले, हे गुगल सर्च कन्सोल या फुकट सोयीत दिसतं. त्या मुलाकडून ती साइटला जोडून घ्या. माझा कयास असा, की यातले निम्म्याहून जास्त लोक तुमच्या इतिहासाच्या लेखावर येत असणार. प्रकल्पाची वही भरणारी शाळेतली मुलं, फॅशन डिझाइन शिकणारे विद्यार्थी, पैठण आणि सातवाहनांबद्दल आवडीने वाचणारी मंडळी. त्यांना साडी घ्यायचीच नव्हती. ते वजा केले तर साडीचं पान उघडणारे पाचसहाशे उरतील, आणि त्यातून ४ ऑर्डरी आल्या असतील तर ती काही लाजिरवाणी गोष्ट नाही. लेख काढू नका, चांगला लिहिलाय. फक्त विक्रीचा हिशेब मांडताना तो बाजूला ठेवा. दर महिन्याला वहीत दोनच आकडे लिहा: साडीच्या पानावर किती जण आले, आणि त्यातल्या किती जणांनी तुम्हाला काही विचारलं.

ऑर्डरींच्या आधी मी विचारणा मोजायला सांगतेय, त्याला कारण आहे. तीनशे रुपयांचं मोबाइलचं कव्हर माणूस बसमध्ये उभ्या उभ्या मागवतो. पंचवीस हजारांची पैठणी अशी कुणी घेत नाही. मुलीच्या लग्नाची खरेदी असते, नाहीतर सुनेच्या पहिल्या दिवाळीची. आई बघते, ताईला पाठवते, मावशी म्हणते 'हा रंग तिला उठून दिसायचा नाही', मग नवऱ्याच्या कानावर घालून होतं, आणि आठवड्याने परत साइट उघडली जाते. तेव्हा तुमच्या साइटने साडी परस्पर विकावी, ही अपेक्षाच ठेवू नका. चारजणींत फिरताना साडीबद्दल ज्या शंका निघतील त्यांची उत्तरं साइटवर असावीत, आणि उरलेली शंका तिने तुमच्याकडेच घेऊन यावं इतका भरवसा वाटावा. व्यवहार पुढे तुमच्याशी बोलून होईल. दुकानात गादीवर बसून तेच तर होतं.

आता शंका. पहिली आणि सगळ्यांत मोठी: ही खरी हातमागावरची आहे कशावरून? यंत्रमागावरची पैठणी दोन-चार हजारांत मिळते आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. तुमच्या साइटवर प्रत्येक साडीखाली 'शंभर टक्के अस्सल' असं लिहिलंय. यंत्रमागवालाही तेच लिहितो, त्यामुळे त्या शब्दांना काही किंमत राहिलेली नाही. पुरावा तुमच्या साडीच्या उलट्या बाजूला आहे. हातमागावर काठ-पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे एकमेकांत अडकवत विणली जाते, म्हणून ती मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे मोकळे धागे सुटलेले असतात, किंवा ते कापून टाकलेले दिसतात. हे तुम्हाला इतकं सवयीचं आहे की साइटवर सांगावं असं सुचलंही नसेल. ठाण्यात किंवा ह्यूस्टनमध्ये बसलेल्या बाईला ते ठाऊक नाही. प्रत्येक साडीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. पदर पसरायचा, हाताने उलटा करायचा, मागची बाजू सावकाश दाखवायची. सासऱ्यांनाच करायला सांगा आणि त्यांना ज्या शब्दांत सांगायचंय त्या शब्दांत बोलू द्या. कुठलंही पार्श्वसंगीत त्यावर घालू नका.

शिक्क्यांबद्दलही नीट लिहा, कारण गिऱ्हाइकांचा तिथे गोंधळ होतो. सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये आलेली खूण. ती रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगते. शुद्ध रेशमाची साडी यंत्रमागावरही विणता येते. हातमागाची हमी देणारी खूण वेगळी, ती हँडलूम मार्क, २००६ पासूनची. आणि २०१० मध्ये पैठणीला मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) हे नावाचं आणि प्रदेशाचं संरक्षण आहे; ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे यातलं जे आहे ते कशाची खात्री देतं हे एकेका ओळीत लिहा. जे नाही त्याचं चित्र साइटवर नको. सध्या मुख्यपानाच्या तळाशी तिन्ही खुणा रांगेने दिसतात. त्यातली एखादी जरी तुमच्याकडे रीतसर नसेल तर आजच्या आज काढा. जरीचंही तेच. टेस्टेड, म्हणजे चांदीऐवजी तांब्याच्या तारेची जर असेल तर तसं स्पष्ट लिहा. चांदीची जर कुणी मागितलीच तर ती वेगळी ऑर्डर आणि वेगळा भाव.

दुसरी शंका रंगाची. तुमच्या कितीतरी साड्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा आहे, म्हणून हलवली की साडी दोन छटा दाखवते. हेच तिचं सौंदर्य, आणि फोटोचा घोटाळाही नेमका तिथेच होतो. तुम्ही स्टुडिओतल्या पांढऱ्या दिव्याखाली फोटो काढलेत. त्यात मोरपंखी निळी दिसते आणि घरी आल्यावर हिरवी. एक फोटो सकाळच्या उन्हात अंगणात, एक घरातल्या दिव्याखाली, आणि छोट्या व्हिडिओत साडी हातावर हलवून. रंगाचं नाव लिहाल तेव्हा 'राघू' लिहून थांबू नका. शेजारी 'पोपटी हिरवा, उन्हात पिवळसर झाक' असंही लिहा. आणि एक फोटो नेसलेल्या बाईचा हवा. प्लास्टिकच्या पुतळ्यावर साडी कशी बसते हे कळत नाही, शिवाय नक्षीचा आकारही लक्षात येत नाही. बुट्टी केवढी, मोर केवढा, हे शेजारी हात असला की एका नजरेत समजतं.

भावाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. भाव लिहा. गल्लीतल्या बाकीच्यांना तुमचे भाव आजही ठाऊक आहेत. रेशीम-जर तेही घेतात, मजुरी त्यांनाही द्यावी लागते. भाव लपवल्याने अंधारात राहतं ते फक्त गिऱ्हाईक. 'भावासाठी मेसेज करा' वाचून एकीला वाटतं की आपल्या आवाक्याबाहेरचं असणार. दुसरीला वाटतं की माणूस बघून भाव सांगतील. तिसरी विचारते खरी, पण १८,००० ऐकून गप्प बसते, कारण तिच्या डोक्यात ५,००० होते. या तिसरीवर तुमचा रात्रीचा अर्धा तास जातो. भाव लिहिलेला असेल तर ती आपण होऊन दुसरीकडे जाईल, आणि तिला परवडणारी साडी घेण्यात तिचं काही चुकत नाही.

नुसता आकडा लिहून भागणार नाही. तो आकडा का, हेही लिहावं लागेल. नमुन्यादाखल असं:

'मोरपंखी, काठ-पदर लाल. पदरावर मोर, अंगभर बारीक बुट्टी. शुद्ध रेशीम, टेस्टेड जर. हातमागावर विणायला ३२ दिवस लागले. लांबी साडेसहा मीटर, ब्लाउजपीस धरून. भाव २६,५०० रुपये, भारतात कुठेही पाठवण्याच्या खर्चासह. या रंगसंगतीची ही एकच साडी आहे.'

यातले दिवस प्रत्येक साडीचे खरे लिहायचे, त्यासाठी मागावर चढवल्याची आणि उतरवल्याची तारीख नोंदवत जा. बत्तीस दिवस वाचल्यावर २६,५०० कडे बघायची नजर बदलते. पाठवणीचा खर्चही भावातच धरा. खरेदी अर्ध्यावर सोडून जाण्याचा अभ्यास करणारी बेमार्ड ही संस्था आहे. तिच्या पाहणीनुसार ऑनलाइन दुकानांत माल भरलेल्या सरासरी दहापैकी सात टोपल्या पैसे न भरताच सोडल्या जातात, आणि त्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे शेवटच्या पायरीवर वाढून येणारा खर्च. २६,५०० ची साडी घेणारीला शेवटी दिसलेले २५० रुपये जास्त टोचतात, हे अगदी मानवी आहे.

भावाच्या संदर्भात सासऱ्यांची बाजूही ऐका. त्यांची खरी काळजी मला दिसते ती अशी: पुण्याच्या दुकानदाराने आपली साडी आपल्याच साइटवर स्वस्त बघितली तर तो पुढचा माल उचलेल का? बरोबर आहे त्यांचं. दुकानदार ज्या भावाने विकतो त्याच्या खाली साइटवर कधीही जाऊ नका, दिवाळीत नाही आणि सेलच्या नावाखालीही नाही. दुकानात जाणारी नक्षी आणि साइटवरची नक्षी वेगळी ठेवता आली तर आणखी चांगलं. दोन्ही वाटा चालू राहू देत. एका महिन्यात दुकानदाराने पैसे थकवले तर दुसरी वाट घराला आधार देते, हे सासऱ्यांना पटेल.

तिसरी शंका: पैसे भरले आणि साडी आलीच नाही तर? किंवा भलतीच आली तर? तुमच्या साइटवर घरातल्या कुणाचं नाव नाही, पत्ता नाही, फक्त एक मोबाइल नंबर आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचं नाव साइटवर द्यावंच लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. ती व्यक्ती तुम्हीच असू शकता. कायदा बाजूला ठेवला तरी नाव-पत्ता ही तुमची जमेची बाजू आहे: येवला, विणकरांचं घर, समोर माग. नकाशावरची जागा द्या आणि 'येऊन बघा' असं मोठ्या अक्षरांत लिहा. मनमाडहून शिर्डीला जाणारा रस्ता येवल्यातूनच जातो, साईबाबांच्या दर्शनाला जाणारी कितीतरी कुटुंबं तुमच्या दारावरूनच जातात. जी कधीच येणार नाही तिलाही 'येऊन बघा' वाचून धीर येतो.

तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुकानाच्या पाटीवरची ओळ जशीच्या तशी आहे. ती काढा. माल सदोष निघाला, साइटवर सांगितल्यासारखा नसला किंवा ठरल्यापेक्षा उशिरा पोचला तर परत घ्यायला नकार देता येत नाही, असं तेच नियम सांगतात. त्यापुढे तुम्ही काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवलं असतं तर असं लिहिलं असतं: 'साडी मिळाल्यापासून ५ दिवसांत कळवा. नेसलेली नसावी, फॉल-पिको केलेलं नसावं, लेबल तसंच असावं. दुसरी साडी देऊ किंवा पैसे परत करू. पाकीट उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, तो दोघांच्याही उपयोगाचा आहे. आमची चूक असेल तर परतीचा खर्च आमचा, तुम्हाला रंग आवडला नाही तर तुमचा.' भीती वाटते की सगळे परत पाठवतील. उन्हातला फोटो आणि व्हिडिओ बघून, तुमच्याशी बोलून घेतलेली साडी सहसा परत येत नाही. परत येते ती दिव्याखाली निळी दिसलेली मोरपंखी.

आता चौकशी करून 'घरी विचारून सांगते' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे येऊ. हे वाक्य म्हणजे नकार असं समजून तुम्ही सोडून देत असाल तर चूक होतेय. ती खरंच घरी विचारते. तुमच्या साडीचा दुवा ती घरच्या ग्रुपवर टाकते, आणि तो टाकून बघितल्यावर मला काय दिसलं सांगू? साडीचा फोटोच येत नाही. तुमचं चौकोनी बोधचिन्ह आणि खाली इंग्रजीत 'होम पेज'. मावशी ते उघडणारच नाही. दुवा पाठवल्यावर साडीचा फोटो, नाव आणि भाव दिसेल अशी सोय तासाभरात करता येते. घड्याळ बसवण्यापेक्षा हे काम त्या मुलाकडून आधी करून घ्या. साइटची भाषाही याच कारणासाठी मराठी हवी. इंग्रजी पान वेगळं असू दे. आता तिथे जे इंग्रजी आहे ते कुठल्याही साडीवाल्याचं असू शकेल असं आहे. तुम्ही पत्र किती सरळ आणि छान लिहिलंय! तसंच लिहा.

व्हॉट्सअॅपचं बटण प्रत्येक साडीच्या पानावर द्या आणि दाबल्यावर मजकूर आधीच भरलेला येऊ दे: 'नमस्कार, पैठणी क्रमांक ४७ बद्दल विचारायचं आहे.' काय लिहावं याचा संकोच पुष्कळ बायकांना असतो, तो यामुळे मोडतो, आणि कुठली साडी हे तुम्हालाही लगेच कळतं. व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे. त्यात प्रत्येकीच्या नावापुढे खूण करता येते: फोटो पाठवला, घरी विचारतेय, लग्न मेमध्ये, नऊवारी हवी. चौकश्या बहुतेक रात्री जेवणं आटोपल्यावर येणार. तुम्ही त्या वेळी दमलेल्या असता, तेव्हा रात्री १० नंतर आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा: 'सकाळी १० पर्यंत नक्की उत्तर देते.' आणि मग खरंच द्या. उत्तर देताना पहिला प्रश्न विचारा, 'कधी नेसायची आहे?' लग्नाची तारीख कळली की पुढचं सगळं बोलणं सोपं होतं. २०,००० च्या वरच्या साडीसाठी दिवसाच्या उजेडात व्हिडिओ कॉलवर दाखवायची तयारी ठेवा. सौदा तिथेच ठरतो. 'घरी विचारून सांगते' म्हणालेल्या बाईला चारेक दिवसांनी एकदाच विचारावं. दुसऱ्यांदा नाही.

या बोलण्यातून साइटहूनही मोलाची एक गोष्ट तुमच्या हाती येईल, आणि तुमच्या जागी मी असते तर सगळ्यांत जास्त जीव त्यात घातला असता. कुणी काय मागितलं आणि तुमच्याकडे नव्हतं, ते लिहीत जा. तीन जणींनी संक्रांतीसाठी काळी चंद्रकला मागितली आणि नव्हती. दोघींना नऊवारी हवी होती. एकीला पदर भरगच्च पण काठ बारीक हवा होता. महिन्याच्या शेवटी ती वही घेऊन सासऱ्यांजवळ बसा आणि पुढच्या साड्या कुठल्या रंगाच्या चढवायच्या ते ठरवा. दुकानदार हे तुम्हाला कधी सांगत नाही, तो फक्त 'हा रंग चालत नाही' म्हणून भाव पाडतो. संक्रांत जानेवारीत, म्हणजे काळी साडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागावर हवी, फोटो डिसेंबरच्या सुरुवातीला साइटवर. उतरली की ज्या तिघींनी विचारलं होतं त्यांना आधी कळवा. त्या वाट बघत असतात.

साइटची दोन तांत्रिक दुखणी आहेत, ती लवकर उरकण्याजोगी आहेत. मुख्यपानावरचे पाच सरकते फोटो इतके जड आहेत की मोबाइल डेटावर पान उघडायला फार वेळ लागला. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गुगलचं प्रमाण आहे. सरकते फोटो काढून एकच ठेवा आणि सगळे फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फाइलप्रकारात हलके करून घ्या. दुसरं, ऑर्डर देण्याआधी साइटवर खातं उघडायची सक्ती आहे. ती काढा, नाव, पत्ता, फोन पुरे.

घड्याळाबद्दल. उलटं चालणारं खोटं घड्याळ, 'इतके लोक बघत आहेत' असा मनाने टाकलेला आकडा, या गोष्टींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी निकड म्हटलंय आणि त्यांना मनाई आहे. त्या मुलाला बहुधा माहीत नसेल, शांतपणे सांगा. पण मनाई नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. ज्या साडीवर कुणीतरी महिनाभर मान मोडून बसलं, तिच्यावर 'फक्त १० मिनिटं शिल्लक' लिहिणं हा त्या कामाचा अपमान आहे, आणि गिऱ्हाईक ते ओळखतं. तुमची साडी खरोखरच एकच असते. 'ही एकच आहे' हे खरं वाक्य तुमच्याकडे असताना खोट्याची गरजच काय! चॅटबॉटही नको, दिवसाला दोन-तीन चौकश्यांना तुम्ही स्वतः पुरेशा आहात.

तो कदाचित असंही सुचवेल, की दोन प्रकारची पानं करून कुठलं जास्त चालतं ते तपासू. मोठ्या कंपन्या तसं करतात. तुमच्या आकड्यांवर ते जमत नाही. हजारात तीनऐवजी सहा जणी घेऊ लागल्या, म्हणजे विक्री चक्क दुप्पट झाली, तरी हा फरक योगायोग नाही हे खात्रीने म्हणायला प्रत्येक पानावर सुमारे ८,००० जण यावे लागतात. दोन्ही मिळून १६,०००. महिन्याला १,८०० धरले तर नऊ महिने लागतील. त्यापेक्षा ज्यांनी साडी घेतली त्या पाच जणींना फोन करा आणि विचारा, 'पैसे भरण्याआधी कशाची भीती वाटली होती?' ज्यांनी चौकशी केली पण साडी घेतली नाही अशा पाच जणींनाही विचारा, कशाने अडलं. त्या सांगतील तेच साइटवर सगळ्यांत वर लिहा. घेतलेल्यांना हेही विचारा, की साडी नेसलेला फोटो आणि दोन ओळी द्याल का. परवानगीशिवाय कुणाचा फोटो टाकू नका.

राहिली जाहिरात. महिन्याला ४ ऑर्डरी धरल्या तर आज ४५० भेटींमागे एक साडी जाते. समजा जाहिरातीतून आलेली एक भेट ६ रुपयांना पडली, तर एका साडीमागे २,७०० रुपये गेले. आणि जाहिरात बघून आलेलं माणूस ओळखीतून आलेल्यापेक्षा जास्त साशंक असतं, म्हणजे खर्च त्याहून वरच जाणार. रेशीम, जर, मजुरी वजा जाता तुमच्या हातात काय उरतं ते तुम्हीच जाणता. १४,००० च्या साडीला हा हिशेब जड जाईल असं मला वाटतं. वर सांगितलेल्या दुरुस्त्या करून ४५० चे २०० झाले, तर तीच साडी १,२०० च्या जाहिरातीत विकली जाईल. म्हणून आधी दुरुस्ती. तीन महिने ते दोन आकडे वहीत लिहा, विचारणा वाढताहेत असं दिसलं तर तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी ५,००० रुपयांपासून सुरुवात करा, २०,००० पासून नको. पुणे, ठाणे, नाशिक एवढंच क्षेत्र निवडा, जाहिरातीत सासऱ्यांचा तो पदर उलटा करून दाखवायचा व्हिडिओ वापरा, आणि त्यावर बोट ठेवणारीला मुख्यपानावर न नेता थेट त्याच साडीच्या पानावर न्या, जिथे भाव लिहिलेला असेल.